तळेऱ्याचा पाय

“ऐंशीच्या वर भरायची नाही आणि विसाच्या खाली उतरू द्यायची नाही. एवढा नेम पाळलात ना मॅडम, की बॅटरी वर्षानुवर्षं कुरकुर करणार नाही.” शोरूममधल्या सलोनीने किल्ली हातात देताना असं सांगितलं होतं, आणि सुरुचीला ते ऐकून तेव्हा बरं वाटलं होतं. कुणी नेम घालून द्यावा आणि आपण तो मुकाट पाळावा, यात तिला पहिल्यापासून एक गारवा वाटायचा. अंघोळीआधी चहा नाही, सोमवारी मीठ नाही, तिन्हीसांजेचा दिवा आपल्याच हातचा. त्यात हा आणखी एक. पोट तडस लागेपर्यंत भरू नये, अगदी रितंही पडू देऊ नये. यंत्रालासुद्धा कुणीतरी उपासाची रीत लावून दिली आहे असं मनात येऊन ती शोरूममध्ये एकटीच हसली होती. आता परळच्या त्या काचेच्या टॉवरखाली, दुसऱ्या तळघरात, गाडी चार्जिंगला लावून समोरच्या पडद्यावरचा आकडा चढताना बघत ती बसली होती, आणि तोच नेम गळ्याशी आला होता. ऐंशी आणि वीस. मधे जेवढं मावेल तेवढंच आपलं जग. तळघरात उन्हाचा पत्ता नव्हता. ओल्या सिमेंटचा आणि तापलेल्या रबराचा वास कोंदला होता, छताला टांगलेले जाड पाइप मधेच कुणी आवंढा गिळावा तसे वाजत होते. आणि मागच्या सीटवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला, गुणाजींचा पाय पडला होता.

पाय खरा नव्हता, पण तिला तसं म्हणवत नसे. परळच्या ज्या संस्थेत ती काम करायची तिथे कृत्रिम पाय तयार व्हायचे. कोकणातल्या गावोगावी जाऊन माप घ्यायचं, प्लास्टरचा साचा काढून आणायचा, आणि पाय झाला की तो घेऊन परत जायचं, माणसाला उभं करायचं, चार पावलं चालवून बघायचं, कुठे टोचतं ते विचारायचं, तासायचं, पुन्हा चालवायचं. हे तिचं काम. पूर्वी संस्थेची डिझेलची जीप होती. धूर ओकायची, खोकायची, पण जायची. मग एका दात्याने ही पांढरी विजेची गाडी दिली, हार घातला, नारळ फोडला, आणि जीप भंगारात गेली. शहरात गाडीचं कौतुक करावं तेवढं थोडं. दादरच्या गर्दीत ती मांजरासारखी सरकायची, आवाज म्हणून नाही. पण सुरुचीची माणसं दादरला नव्हती. ती होती पोलादपूरला, देवरुखला, तळेऱ्याला.

आज सकाळीच तिला सांगण्यात आलं होतं की हा पाय कुरिअरने पाठवून द्या. दादरला कुरिअरचं दुकान होतं. ती तिथपर्यंत गेली, गाडी बाजूला घेतली, मागे वळून चादरीकडे बघितलं आणि पुन्हा निघाली. पायाला कुरिअर कसलं करायचं? तिकडे तो कोण बांधणार, कोण तासणार? मग चार्ज उतरलाय हे निमित्त धरून ती इथे आली. टॉवरच्या रॅम्पच्या तोंडाशीच फोन वाजला. आणखी दोन हात खाली उतरली असती तर रेंज गेली असती आणि तो आलाही नसता, हे तिला नंतर सारखं आठवत राहिलं.

“ताय, मी दीपिका बोलतंय, तळेऱ्यासून. गुणाजी बाबांची सून.” मागे कोंबड्यांचा कालवा. “उद्या किती वाजता पोचतलात, ह्या विचारूक फोन केलंय. बाबा आजच दारात येवन बसले आसत. दाढी केल्यानी, धोतर काढल्यानी नवीन. मी म्हटलंय, अहो, मंगळवार उद्या आसा! तर म्हणतत, असांदे, ताय येते म्हणान गेली हा.”

“दीपिका, ऐक ना,” सुरुची म्हणाली. मागच्या गाडीने भोंगा मारला. तिने ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी उतारावर आपसूक घरंगळली, आणि दीपिकाचं “हॅलो, हॅलो” भिंतीत विरून गेलं. मंगळवारचा दौरा रद्द झाला होता. आरोग्य केंद्राला तसं कळवलं होतं. गुणाजींना कुणी कळवलं नव्हतं.

ताय येते म्हणान गेली. सुरुची आयुष्यात कुणाला शब्द देत नसे. दिलेला शब्द अंगावर राहतो, असं तिला वाटायचं, अंगावरच्या ओल्या कपड्यासारखा. घरी, ऑफिसात, देवळातल्या बायकांत तिचं ठरलेलं होतं: बघू या, जमलं तर, त्याच्या मनात असेल तर. नीलेश, तिचा नवरा, थट्टा करायचा, “हिला विचारा भात होणार का, तर म्हणेल, देवाच्या मनात असेल तर.” इतकी जपून वागणारी बाई, आणि अडकली कुठे, तर त्या एका शब्दात, जो शब्द म्हणून कुणी मोजतच नाही. गुणाजींचं घर तिला आता डोळ्यांसमोर दिसत होतं. दारापुढचं सारवलेलं खळं, कडेला रचलेला लाकूडफाटा, तुळशीपाशी उभी दीपिका. साचा घेऊन झाला होता, हाताला प्लास्टर वाळून पांढरं झालं होतं. गुणाजी दारातल्या बाकड्यावर बसले होते. उमेदीत मुंबईला कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचललेला माणूस. खांदे अजून दारात मावत नव्हते, आणि खाली डावा पाय गुडघ्यापासून चार बोटांवर संपलेला. साखरेने नेला. ते तिला गोदामांबद्दल विचारत होते, तिकडचं इराण्याचं हॉटेल अजून आहे का विचारत होते. निघताना तिने पिशवी खांद्याला लावली आणि दीपिकाकडे बघून, घराकडे बघून, तुळशीकडे बघून सहज म्हटलं, “येते हं.” दुसरं काय म्हणणार? जाते म्हणायचं नसतं, आजाऱ्याच्या दारात तर नाहीच. आणि नेमकं त्याच क्षणी, तिची पाठ असताना, गुणाजी विचारत होते, “पाय घेवन तूच येतलंस मां?”

दोन्ही वाक्यं हवेत एकमेकांवर आदळली. त्यांचा प्रश्न तिला पोचला तेव्हा तिचं उत्तर आधीच देऊन झालं होतं. तिने वळून बघितलं. म्हातारा हसत होता, तोंडातला एक दात दिसत होता, आणि मान अशी डोलवत होता की जशी काही बोलणी पक्की झाली. तेव्हा काय सांगायचं होतं? अहो आजोबा, ते ‘येते’ तुमच्यासाठी नव्हतं, ते नुसतं निघण्याचं होतं? मग त्याच्या जागी कुठला शब्द ठेवायचा होता? तिला सुचला नाही, अजूनही सुचत नव्हता. ती गाडीत बसली होती, आणि गाडी आवाज न करता त्या खळ्यातून निघाली होती.

काचेवर टकटक झाली. चार्जिंगकडे बघणारा दत्तू होता. वरळी कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, गळ्यात ओळखपत्र आणि कानाला ब्लूटूथ. सुरुचीने काच खाली केली.

“मॅडम, मागं काय ठेवलंय? वरचे कॅमेऱ्यावाले फोन करतात मला. दत्तू, बघ रे, त्या गाडीत चादरीतून कोनाचा तरी पाय बाहेर दिसतो.”

“पायच आहे.” तिने चादर सरकवून दाखवला. चामडी पट्टे, गुळगुळीत पोटरी, खाली रबराचं पाऊल, त्याला बोटांच्या रेषाही काढलेल्या.

दत्तूने हात जोडल्यासारखं केलं आणि मग हसला. “मस्त बनवलाय. कुठं जायचं ह्याला?”

“तळेऱ्याला. कणकवलीच्या अलीकडे.”

“ह्या गाडीनं?” त्याने मडगार्डवर हात ठेवला. “शहरात ठीक हाय ओ. आमच्यात पन एक जन आलेला, म्हने होडीला बॅटरी लावा, डिझेल वाचेल. मी बोल्लो, लावतो, पन समिंदरात प्लग कुठं हाय तेवढं दाखव. गेला तो.” मग जरा मान वाकवून, “रागावू नका हां.”

“नाही,” सुरुची म्हणाली. राग कसला? तो म्हणत होता ते तिने भोगलं होतं. त्याच दिवशी, तळेऱ्याहून परतताना. संगमेश्वरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एका हॉटेलच्या अंगणात चार्जर होता. मोबाइलवर हिरवा ठिपका दाखवत होता. प्रत्यक्षात मशीनवर धूळ, पडदा काळा, त्याच्या डोक्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला. पुढचा ठिपका गाठण्याइतका जीव गाडीत उरला नव्हता. ती उभी राहिली. ऊन कलताना तिने बघितलं, झाडांच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. दिव्याची वेळ होत होती. शेवटी हॉटेलातल्या बाईनेच विचारलं आणि घावण्याच्या पिठाचा ग्राइंडर बंद करून त्याचा प्लग खिडकीतून बाहेर काढून दिला. त्या वायरीतून वीज येत होती ती डोळ्यांत औषध घालावं तशी. बाई म्हणाली, बसा, चहा घ्या, काय घाई आहे. सुरुची बसली. संध्याकाळ तिच्यासमोर आली, थांबली आणि गेली. लालबागच्या घरात देव्हारा अंधारात होता.

तो दिवा साधा नव्हता. नीलेश आयसीयूत होता, छातीला नळ्या, डोळे अर्धे उघडे, तेव्हा काचेच्या दाराबाहेर उभं राहून तिने मनात म्हटलं होतं: हा परत घरी येऊ दे, याच्या आयुष्यभर तिन्हीसांजेचा दिवा माझ्या हातचा. तो घरी आला. मग घरही बदललं. चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यांना मागच्या इमारतीत जागा मिळाली, गाडी ठेवायला एकावर एक लोखंडी कप्पे मिळाले. तिथे, रात्री तिच्याकडेच असणाऱ्या संस्थेच्या गाडीसाठी, प्लग मागितला तेव्हा सेक्रेटरी राजेश म्हणाला, “वहिनी, आज तुम्हाला दिला की उद्या सगळे लाइन लावतील.” एवढं सगळं हललं पण दिवा चुकला नाही. दौरेसुद्धा ती असे आखायची की पहाटे निघून संध्याकाळच्या आत परत, आणि जिथे ते शक्यच नसे तिथली गावं, नाही म्हटलं तरी, तिने मनातल्या मनात वगळलेली असायची. तळेरं एकच तसं, जे वगळता आलं नव्हतं; तिथे ती मध्यरात्रीच निघून गेली होती, आणि परतीचं गणित बरोबर होतं. चार्जर सोडून.

त्या चुकलेल्या संध्याकाळनंतर नीलेशला ताप आला. साधा, ऋतूतला, अख्ख्या मजल्यावर फिरत असलेला. पण ती त्याच्या कपाळावर पट्टी ठेवताना सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, सोफ्यावरून एकदाच बघितलं आणि टीव्हीकडे तोंड करून म्हटलं, “गाडयेक चार्जिंग मिळता, देवाक वात मिळणा नाय.” ताप उतरला. वाक्य उतरलं नाही. ते तिच्या पाठीत, मणक्यांच्या मधे कुठेतरी बसलं होतं, आणि रोज दिवा लावताना ज्योत जरा थरथरली तरी तिचा हात मागे यायचा. भक्ती म्हणून जे सुरू झालं होतं त्याची कधी भीती झाली, हे तिला कळलं नव्हतं. देवासमोर उभं राहिल्यावर मन निवायचं ते बंद झालं होतं. हल्ली तिथे उभं राहिलं की हजेरी दिल्यासारखं वाटायचं.

पडद्यावरचा आकडा एका पायरीने वर सरकला. शेजारच्या खांबावर कुणीतरी पाण्याची बाटली विसरून गेलं होतं. या आकड्याचा उपयोग काय, असं तिला वाटलं. लालबागला परतायला एवढा लागतच नाही. संस्थेत प्राची होती, दौऱ्यांचं सगळं बघणारी. हुशार, धाकटी, वाईट मुळीच नाही. संगमेश्वरचं ऐकल्यावर तिने ठरवून टाकलं होतं: यापुढे गाडी पेणपर्यंतच. तयार पाय कुरिअरने पाठवा, माप-तासणीला लांबच्या पेशंटना मुंबईला बोलवा. आणि सकाळी म्हणाली होती, “मॅडम, विश्वस्तांना मला संध्याकाळपर्यंत कळवायचंय. लांबच्या कामाला ही गाडी चालते की नाही? तुमच्याइतकी कुणी फिरवली नाही. एका शब्दात सांगा. हो की नाही.” नाही म्हटलं, तर कोकण कायमचं बंद, दुसरी गाडी काही येणार नव्हती. हो म्हटलं, तर ती धूळ बसलेली काळी काच, तो ग्राइंडरचा प्लग, ती अंधारी संध्याकाळ सगळं खोटं. दोन्ही शब्द तिने तोंडात घोळवून बघितले होते. दोन्ही टोचत होते.

आणि गुणाजींना मुंबईला बोलवा! तिने मागे हात नेऊन चादरीतून त्या पायाचा वरचा भाग चाचपला. आतून वाटीसारखा, गुळगुळीत. ही वाटी गुणाजींच्या उरलेल्या पायाच्या मापाची होती. त्या दिवशीच्या मापाची. उरलेला पाय तसाच राहत नाही. आत काही बसवलं नाही, जोर दिला नाही, तर तो वाळत जातो, लहान होत जातो. आणखी थोडे दिवस गेले की ही वाटी त्याला ढगळ होईल, मग पुन्हा साचा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला तिकडे जाणार कोण? गेल्या खेपेला दीपिका हळूच म्हणाली होती, बाबा कुबड्या घेत नाहीत, माणसाने धरून न्यावं लागतं, म्हणून ते पाणीच कमी पितात. सुरुचीला ते आता घशात जाणवलं. सोमवारचा तिचा घसा तसाही कोरडा होता. देवाला दिलेला शब्द आणि नकळत गेलेला शब्द, यात मोठा कुठला? ती विचार करत राहिली, आणि विचार गोल गोल फिरून त्याच खांबाशी, त्याच बाटलीशी येत राहिला. देव रागावेलही. पण देवाचं माप बदलत नाही. तो थांबू शकतो. गुणाजींच्या पायाला थांबता येत नव्हतं. हे मनात आल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. तरी ती दार उघडून लिफ्टजवळच्या खांबाकडे चालत गेली. तिथे उभं राहिलं की फोन लागतो, असं दत्तूने सांगितलं होतं.

“प्राची, मी तळेऱ्याला निघतेय. आत्ता. पाय बांधून परत येईन.”

“मॅडम! पेणच्या पुढे नाही म्हणून सांगितलंय ना?” मागे कीबोर्डची टकटक थांबली. “आणि परत अडकलात तर?”

“तर अडकेन. वाट बघून भरून घेईन. या वेळी हातात वेळ ठेवून चाललेय, रात्रीचं एखाद्या गावी थांबेन, सकाळी पोचेन.”

“मग माझं उत्तर? हो की नाही?”

“जाऊन आल्यावर देते. तोवर माझ्याकडे ते नाहीये गं. खोटं कशाला सांगू?”

प्राचीने तिकडे दार लावून घेतलं. मग म्हणाली, “मी नाही म्हटलं, असं समजा. आणि तुम्ही मला विचारलंच नाही, असंही समजा.”

“मी विचारलं आहे,” सुरुची हळू आवाजात म्हणाली. “आणि तू नाही म्हणालीस. तसंच विश्वस्तांना सांग. मी आल्यावर बोलेन त्यांच्याशी.”

“तुमच्याशी ना मॅडम, भांडतासुद्धा येत नाही,” प्राची म्हणाली. “पोचलात की मिस्ड कॉल द्या.”

दुसरा फोन अवघड होता. नंबर दाबायच्या आधी तिने पदराने तळहात पुसले. टीव्हीवरची मालिका आधी ऐकू आली, मग सासूबाई.

“आई, आज दिवा तुम्ही लावाल का?”

मालिकेतलं कुणीतरी रडत होतं. “कित्या? तू खंय चललंस?”

“तळेऱ्याला. त्या आजोबांचा पाय घेऊन.”

“त्याच गाडयेन?”

“हो.”

“आणि वाटेत बंद पडली मगे?”

“बसेन कुठेतरी.”

“बसान ऱ्हवतलं! बसूची हौसच हा तुका.” त्यांनी आवाज बारीक केला असावा, रडणं थांबलं. सुरुचीला वाटलं, आता ते वाक्य येईल, नीलेशचं, तापाचं. तिने डोळे मिटून घेतले. पाठीत जिथे ते बसलेलं होतं ती जागा आपोआप आखडली. “सकाळपासून खाल्लंस काय?”

“आज सोमवार.”

“सोमवार म्हणान केळ्याक काय झाला? वाटेत घी.” मग सोफ्याचा करकर आवाज, गुडघ्यांवर हात टेकून उठताना त्या करायच्या तो हुंकार. “लायटर खंय ठेवलंस?”

“देव्हाऱ्याच्या खालच्या खणात. उजवीकडे.”

“मेळलो,” लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

ती खांबाशी तशीच उभी राहिली. काही फिटलं नव्हतं. नीलेश संध्याकाळी कामावरून घरी येईल, लिफ्ट बंद असेल, जिने चढावे लागतील, त्याच्या छातीत दुखेल का, सगळं होतं तिथेच होतं. फक्त आता ते बरोबर घेऊन जायचं होतं. तिने गाडीपाशी येऊन चार्जिंगची गन काढली. ती हातात जड आणि कोमट लागली. दत्तूने ती तिच्या हातातून घेऊन जागेवर अडकवली. “एवढ्यावर?” तो म्हणाला. “अजून भरली असती.”

“महाडला बघेन. रात्री तिथेच थांबेन, अंधारात घाट नको.”

“हळू चालवा. शिवडीच्या पुलावर वारा हाय आज. जोरात नेली की खाते ही बॅटरी.”

तिने मान हलवली, गाडीचा एसी बंद केला आणि चारही काचा उतरवल्या. रॅम्पच्या वळणावर मागे काहीतरी घसरलं, धप्प झालं. तिने गाडी थांबवली. पाय सीटवरून खाली पडला होता, पाऊल दाराला टेकलेलं. तिने तो उचलला, चादर झटकली, आणि या खेपेला पुढे, आपल्या शेजारच्या सीटवर उभा टेकवून ठेवला. तशी गाडी वाजू लागली. टिंग, टिंग, टिंग. पडद्यावर लाल चिन्ह आलं: शेजारी माणूस बसला आहे, पट्टा लावलेला नाही.

सुरुचीने वाकून पट्टा ओढला, पोटरीभोवती नीट घेतला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला. वर रस्त्यावर चारचं पिवळं ऊन होतं. घराकडचा सिग्नल हिरवा होता. तो तिने तसाच जाऊ दिला, आणि गाडी शिवडीच्या दिशेने डावीकडच्या कडेने, सगळ्यांना पुढे जाऊ देत, हलकेच काढली.